महिन्याला सरपण किती जाळता?

(पोस्ट मोठी आहे. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा.)

मागच्या दिवाळीत माणदेशात आत्याकडे होतो, तेव्हा दारात एक सर्व्हेवाला मुलगा आला. हातात टॅब, डोक्याला रुमाल, आणि चेहऱ्यावरून तरी सकाळपासूनचं दहावं-पंधरावं घर असावं. माणसं किती, जमीन किती, रेशनकार्ड कुठल्या रंगाचं असं करत करत गाडी सरपणावर आली.

"मावशी, महिन्याला सरपण किती लागतं?"

"लागंल तेवढं लागतंय की."

"तसं नाही मावशी, किलोत सांगा. अंदाजे."

आत्यानं माझ्याकडं बघितलं, मग परड्यातल्या ढिगाकडं बघितलं. "धर चार मोळ्या."

पोरानं मोळी वीस किलोची धरली आणि ८० किलो लिहिलं. पुढचा प्रश्न, स्वयंपाकाचं मुख्य इंधन कोणतं? "गॅस हाय की," आत्या जरा ठसक्यात म्हणाली. गॅसवर खूण झाली. मुलगा पाणी पिऊन पुढच्या घरी गेला.

आता परड्यात काय होतं ते सांगतो. वेड्या बाभळीची लाकडं, तुरीच्या काठ्या, मक्याची बुरकुंडं, एका बाजूला शेण्यांचा हुडवा. भाकरी चुलीवर होते, चहा गॅसवर होतो, पाहुणे आले की भाजीही गॅसवर. आणि या सगळ्यांपेक्षा जास्त लाकूड ज्याच्या पोटात जातं तो अंघोळीच्या पाण्याचा बंब न्हाणीपाशी धूर सोडत उभा होता. त्याच्याबद्दल कोणी काही विचारलंच नाही. विचारलं स्वयंपाकाचं, आणि बंबावर कोणी स्वयंपाक करत नाही!

त्या मुलाला दोष नाही. त्याने त्याचा फॉर्म नीट भरला. पण घरी परतल्यावर मी या विषयात घुसलो आणि जे सापडलं ते इथं मांडतोय. आपल्या देशात गेली सत्तर वर्षं जंगल धोरण, रॉकेलचं अनुदान, सुधारित चुली, उज्ज्वला आणि आता कार्बन क्रेडिट, हे सगळं "महिन्याला सरपण किती जाळता" या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभं आहे. आणि जिथं जिथं धोरण घसरलं, तिथं बऱ्याचदा आधी हा प्रश्न घसरलेला होता.

सुरुवात १९५० पासून करू. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाचा अंदाज नमुना पद्धतीने काढून दाखवला होता. तीच पद्धत त्यांनी देशाच्या संसाराला लावली, आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी, म्हणजे एनएसएस, सुरू झाली. घरखर्चाच्या पाहणीत "इंधन व दिवाबत्ती" हा वेगळा गट असायचा. त्यात लाकूड, शेण्या, कोळसा, रॉकेल, पुढे वीज आणि गॅस. गेल्या ३० दिवसांत किती वापरलं आणि किती पैशाचं, एवढं विचारायचं. विकत न घेता गोळा केलेल्या लाकडालाही स्थानिक बाजारभावाने किंमत लावायची.

त्या काळाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती, हे आधी मान्य करू. ज्या वस्तूचं बिल नाही, पावती नाही, दुकान नाही, ती मोजायचा प्रयत्न एक नवा देश करत होता. पाहणी वर्षभर, तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांत पसरवायची, म्हणजे पावसाळ्याआधी रचलेला ढीग आणि थंडीतला बंब दोन्ही हिशेबात येतात, हाही विचार झाला होता.

पण ३० दिवसांचं आठवायचं ही गोष्ट सोपी नाही. आठवणीचा काळ बदलला की आकडा बदलतो, हे एनएसएसच्याच प्रयोगांत दिसलं होतं. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत खाण्याच्या वस्तूंबद्दल ७ दिवसांचं आणि ३० दिवसांचं असं दोन्ही विचारलं, आणि त्यावरून देशात गरिबी किती घटली यावर अर्थतज्ज्ञांची जी जुंपली ती बरीच वर्षं चालली. तेल, डाळ या मापून आणायच्या वस्तूंचं हे असं, तर बांधावरून उचललेल्या काटक्यांचं काय? मोळी हे वजन नाही. आत्याची मोळी वेगळी, तिच्या सुनेची वेगळी. ओलं लाकूड आणि वाळलेलं लाकूड यांत वजनाचा फरक कधी कधी निम्म्याचा पडतो.

१९६५ मध्ये भारतीय ऊर्जा सर्वेक्षण समितीचा अहवाल आला, १९७४ मध्ये सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखालील इंधन धोरण समितीचा. दोन्ही समित्यांना दिसलं की देशाच्या ऊर्जेचा मोठा वाटा कुठल्याच खातेवहीत नाही, तो चुलीत आहे. मग दरडोई लाकूड किती, गुणिले लोकसंख्या, असं गणित मांडलं गेलं. नेमकं त्याच सुमारास १९७३ चा तेलाचा भडका उडाला होता, आणि १९७५ मध्ये एरिक एकहोम या अमेरिकन लेखकाचा "दुसरं ऊर्जा संकट: जळण" अशा अर्थाच्या मथळ्याचा छोटा प्रबंध आला. तो जगभर गाजला. श्रीमंतांचं संकट तेलाचं, गरिबांचं संकट सरपणाचं. म्हणणं खरंच होतं. गडबड त्यापुढच्या हिशेबात झाली.

तो हिशेब असा: एक माणूस वर्षाला इतकं लाकूड जाळतो. माणसं इतकी. जंगल वर्षाला इतकं वाढतं. वजाबाकी केली की तूट. तूट दरवर्षी वाढणार, म्हणजे अमुक सालापर्यंत जंगल साफ. जागतिक अन्न व कृषी संघटनेपासून आपल्या योजनाकारांपर्यंत सगळ्यांनी हे गणित वापरलं. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये सामाजिक वनीकरणाची शिफारस केली, तिच्यामागेही जळणाची चिंता होती. मग ऐंशीच्या दशकात निलगिरी आणि सुबाभूळ लागली. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना शाळेतून नेऊन रोपं लावायला लावलेलं आठवत असेल. त्यातल्या बऱ्याच निलगिरीचं पुढं काय झालं? खांब झाले, कागदाच्या गिरण्यांना गेली. चुलीत फारशी आलीच नाही.

आणि जंगल? ते त्या तारखेला संपलं नाही. जिथं तुटलं तिथं बहुतेकदा शेतीसाठी, इमारती लाकडासाठी, धरणांसाठी तुटलं. १९८८ मध्ये जेराल्ड लीच आणि रॉबिन मर्न्स यांनी हे तुटीचं गणितच मोडीत काढणारं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा कुठल्याही खेड्यातल्या बाईला माहीत असलेलाच होता. लाकूड कमी पडलं की माणूस गप्प बसून जंगलाकडे बघत राहत नाही. तो बांधावर झाड ठेवतो, पऱ्हाट्या जाळतो, धसकटं जाळतो, शेण्या थापतो, पाणी कमी तापवतो. दरडोई आकडा हा दगडावरची रेघ नाही, तो टंचाईबरोबर हलतो.

हे आधीच मोजून दाखवणारी एक जागा कर्नाटकात होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी १९७४ मध्ये "अस्त्र" नावाचा गट सुरू केला. खेड्यासाठी तंत्रज्ञान करायचं तर आधी खेडं कळलं पाहिजे, म्हणून ते तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावात गेले. ५६ घरं, साडेतीनशेच्या आसपास वस्ती. १९७७ च्या सुमारास त्यांनी तिथं घरोघरी जाऊन ऊर्जेचा हिशेब मांडला. लाकूड, माणसाचे श्रम, बैलाचे श्रम, रॉकेल, वीज सगळं. गावाच्या ऊर्जेत जवळपास नव्वद टक्के वाटा एकट्या सरपणाचा निघाला. एका कुटुंबाचे त्यासाठी दिवसाला सरासरी अडीच तासांच्या वर जात होते आणि पाच किलोमीटरच्या जवळपास चाल होत होती. आणि ते लाकूड प्रामुख्याने काटक्या-फांद्यांचं होतं. सरपणासाठी हे गाव जंगल तोडत नव्हतं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत प्रामाणिक काम हे आहे, आणि ते फक्त ५६ घरांचं आहे. लाखभर घरांना एक प्रश्न विचारण्यापेक्षा ५६ घरांत ठाण मांडून बसल्याने जास्त कळलं. अर्थात पुरा म्हणजे भारत नव्हे, हेही खरं. दोन्ही लागतं. अडचण ही की दिल्लीला हवा असतो पहिला प्रकार, कारण त्यातून देशाचा एक आकडा निघतो.

टंचाई खोटी होती असं मात्र कोणी समजू नये. बीना अगरवाल यांनी १९८६ च्या पुस्तकात दाखवलं की ती खरीच होती, फक्त ती जंगलाच्या नकाशावर दिसत नव्हती. ती बाईच्या पायांत दिसत होती. लांब जायचं, हलकं जळण आणायचं, जास्त वेळ शिजणारं टाळायचं. पाहणीच्या फॉर्मात किलो होते, तास नव्हते.

आता एक उदाहरण उलट्या बाजूचं, जिथं पाहणीने सरकारी कागद खोटा ठरवला. रॉकेल. रेशनवर निळं रॉकेल मिळायचं. गोदामातून किती उचललं याचा सरकारी आकडा एकीकडे, घरोघरी विचारल्यावर किती मिळालं हा आकडा दुसरीकडे. या दोहोंत प्रचंड फट. २००५ मध्ये एनसीएईआर या संस्थेच्या पाहणीतून निघालं की रेशनचं जवळपास चाळीस टक्के रॉकेल गरिबाच्या घरी पोचतच नाही. ते डिझेलमध्ये मिसळलं जात होतं. म्हणजे गोदामाचा आकडा धरून कोणी "घरगुती कार्बन उत्सर्जन" काढलं असतं, तर ट्रकच्या धुराचं बिल झोपडीतल्या चिमणीच्या नावावर फाडलं गेलं असतं.

ही फट नुसती कागदावरची नव्हती. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनचोरीच्या अड्ड्यावर जिवंत जाळलं गेलं. दोन रकान्यांतल्या फरकावर कोणाकोणाचं पोट चालतं, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं.

चुलींकडे येतो. १९८३ मध्ये सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ पर्यंत तो चालला आणि तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या. प्रयोगशाळेत या चुली लाकूड वाचवायच्या. घरात? ओडिशात हॅना, डफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी साधारण अडीच हजार घरांत चार वर्षं सुधारित चुलींचा मागोवा घेतला. लाकडाच्या खपात फरक पडला नाही. पहिल्या वर्षी धूर थोडा कमी झाला, मग तोही गेला. चूल फुटली तर दुरुस्ती नाही, धुराडं तुंबलं तर साफ करायला वेळ नाही, आणि जुनी चूल शेजारी शाबूत. चूल दिली की लाकूड वाचलं, हे फक्त फॉर्मात होतं.

हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ ला आपल्याकडे, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. मी या योजनेच्या विरोधात नाही. आत्याच्या घरी चहा धुराशिवाय होतो, तो या योजनेमुळे. पण मोजलं काय गेलं? जोडण्या. २०१८ च्या अखेरीला सरकारी हिशेबाने देशातली नव्वद टक्क्यांच्या आसपास घरं गॅसखाली आली होती. त्याच वर्षीच्या जुलै ते डिसेंबरमध्ये एनएसएसची ७६ वी फेरी घरोघरी विचारत होती. स्वयंपाकाला मुख्यतः गॅस वापरणारी ग्रामीण घरं निघाली ४८.३ टक्के. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. एक सिलिंडर मोजतो, दुसरा वापर. तोसुद्धा फक्त "मुख्य" वापर.

कॅगने २०१९ च्या अहवालात तिसरंच मोजलं. उज्ज्वलातल्या घरांनी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरून घेतले. त्यातही काही घरांच्या नावावर वर्षाला बाराहून जास्त सिलिंडर, म्हणजे ते कुठल्या तरी हॉटेलात जळत असणार. पुढं करोनात मोफत सिलिंडर मिळाले तेव्हा, २०२०-२१ मध्ये, सरासरी ४.३९ वर गेली. मोफत बंद झालं, भाव चढला, तशी २०२१-२२ मध्ये ३.६८ वर उतरली. कार्बन कराची चर्चा करणाऱ्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लावून ठेवावेत. गॅस महागला की गरीब घर कमी स्वयंपाक करत नाही, ते परत लाकडाकडे जातं. आणि लाकडावर कर बसत नाही, कारण लाकूड कुठल्याच दुकानात नाही.

मग त्या घरात उरलेलं काम किती लाकडावर होतं? इथं मी स्वतः गणित करून बघितलं, तुम्हीही करा. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. किलोमागे ऊर्जा ४७.३ मेगाज्यूल, त्यातली पंचावन्न-साठ टक्के भांड्याला लागते. लाकडात किलोमागे १५.६ मेगाज्यूल. पण चुलीतली किती टक्के भांड्याला लागते? तीन दगडांच्या चुलीला १० टक्के धरायची पद्धत आहे, जरा बऱ्या चुलीला २०. दहा धरली तर एक सिलिंडर म्हणजे अडीचशे किलोच्या जवळ लाकूड, वीस धरली तर सव्वाशे. म्हणजे एका गृहीतकावर आकडा दुप्पट होतो किंवा निम्मा.

या सगळ्यात आणखी एक गोम. घरखर्चाची मोठी पाहणी, जिच्यात किती किलो जाळलं हे विचारतात, ती २०११-१२ ला झाली. पुढची २०१७-१८ ला झाली, पण नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने दर्जाचं कारण देऊन ती प्रसिद्ध करणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतरची थेट २०२२-२३ ची. मधली अकरा वर्षं, म्हणजे नेमकी उज्ज्वलाची वर्षं, चुलीत किती किलो जळत होतं याचा देशाकडे धड आकडा नाही. दिल्लीच्या सीईईडब्ल्यू या संस्थेने २०२० मध्ये स्वतंत्र पाहणी केली, तिच्यात साधारण ८५ टक्के घरांत गॅस होता, आणि तरी ५४ टक्के घरं लाकूड-शेण्या या ना त्या कामाला वापरत होती. बंबवाली घरं अशा पाहणीत सापडतात.

आता कार्बनचा बाजार. कोणी कंपनी खेड्यात सुधारित चुली वाटते, त्यामुळे इतकं लाकूड वाचलं, इतका कार्बन डायऑक्साइड हवेत गेला नाही असा दावा करते, आणि त्याचं प्रमाणपत्र विमान कंपन्यांना, तेल कंपन्यांना विकते. हिशेबात चार आकडे लागतात: माणूस किती लाकूड जाळत होता, नव्या चुलीने किती वाचलं, त्यातलं किती लाकूड असं होतं की जे तोडल्यावर परत उगवत नाही, आणि किलोमागे कार्बन किती. चौथा आकडा पक्का आहे, वाळलेल्या लाकडाला किलोमागे सुमारे पावणेदोन किलो. बाकीचे तिन्ही विचारून किंवा गृहीत धरून येतात.

पहिला बघा. आपल्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २०११ च्या अहवालात काढलं होतं की देशात सुमारे ८५ कोटी माणसं लाकडावर शिजवतात आणि वर्षाला २१.६ कोटी टन लाकूड जळतं. भागाकार केला तर माणशी वर्षाला २५० किलो. कार्बनच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत काही वर्षं माणशी ५०० किलो धरायची मुभा होती. तीच बाई, तीच चूल, वनखात्याच्या वहीत २५० आणि कार्बनच्या वहीत ५००.

तिसरा बघा. बांधावरची वेडी बाभूळ तोडली तर दोन पावसाळ्यांत पुन्हा डोक्याएवढी होते, तिचा कार्बन ती स्वतःच परत ओढून घेते. २०१५ मध्ये रॉब बेलिस आणि सहकाऱ्यांनी जगभरचा हिशेब मांडला, तेव्हा न उगवणारा वाटा २७ ते ३४ टक्के निघाला. चुलींच्या प्रकल्पांत तो सर्रास ८०-९० टक्के धरला जात होता. म्हणजे १९७५ चं ते जुनं तुटीचं गणित, जे जंगलवाल्यांनी कधीच सोडून दिलं होतं, ते कार्बनच्या कागदांत नव्याने जिवंत झालं.

पाच माणसांचं घर घ्या. माणशी ५००, चुलीने निम्मं वाचलं, ९० टक्के न उगवणारं: वर्षाला जवळजवळ दोन टन कार्बन डायऑक्साइड वाचला. आता माणशी २५०, बचत पाचवा हिस्सा, ३० टक्के न उगवणारं: १३० किलो. पंधरापट फरक, आणि दोन्ही वेळा घर तेच. हे माझं कागदावरचं उदाहरण झालं. पण जानेवारी २०२४ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी प्रत्यक्ष प्रकल्पांची छाननी करून लिहिलं की त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत सरासरी नऊपट जास्त क्रेडिट दिली गेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत एका मोठ्या चूल कंपनीच्या माजी प्रमुखावर सरकारी वकिलांनी आरोप ठेवले, ते घरोघरच्या पाहणीचे आकडे फिरवून जास्त क्रेडिट मिळवल्याचे. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. पण सर्व्हेच्या फॉर्मवरून फौजदारी खटला उभा राहू शकतो, हे तरी कळलं.

जाता जाता एक गंमत. देशाच्या अधिकृत कार्बन हिशेबात लाकडाचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या रकान्यात धरतच नाहीत, तो जमीन-जंगलाच्या खात्यात जातो असं मानतात. गॅसचा मात्र धरतात, सिलिंडरमागे ४२ किलो. त्यामुळे आत्याने चूल पूर्ण सोडून सगळं गॅसवर केलं, तर ऊर्जेच्या रकान्यात तिच्या घरचं उत्सर्जन वाढलेलं दिसेल!

आपल्या राज्याचं म्हणाल, तर २०१९ च्या वन अहवालात जंगलालगतच्या गावांचा अभ्यास आहे. सरपणासाठी जंगलावर सर्वांत जास्त अवलंबून असलेलं राज्य कुठलं? महाराष्ट्र. ओडिशा नाही, झारखंड नाही. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबारकडच्या लोकांना याचं नवल वाटणार नाही, पुण्या-मुंबईकडच्यांना वाटेल. यापुढे राज्यात चुलींचे, बायोगॅसचे, बांबूचे कार्बन प्रकल्प येत राहणार. ग्रामपंचायतीच्या सह्या मागितल्या जातील. तेव्हा सह्या करण्याआधी एवढं तरी विचारा, की आमच्या गावात माणशी किती किलो धरलंय, आणि ते कोणी, कधी, कुठल्या महिन्यात मोजलं?

मोजणं अवघडही नाही. सोमवारी सकाळी सरपणाचा एक ढीग बाजूला काढून ताणकाट्यावर वजन करायचं. आठवडाभर फक्त त्यातलंच वापरायचं. पुढच्या सोमवारी उरलेल्याचं वजन. जेवणारी माणसं किती ते रोज लिहायचं. जगभर हीच पद्धत वापरतात. तिच्यात पुरुष म्हणजे एक माणूस, बाई म्हणजे ०.८ माणूस, पोर म्हणजे अर्धं असं धरायचा रिवाज आहे. मोळी आणणारी बाई ०.८ का, हे मला विचारू नका.

मी आत्याकडे हे केलं. आठ दिवस, घरात पाच माणसं, थंडी नुकती सुरू झालेली. चुलीला २३ किलो, बंबाला ३१. आठवड्याला ५४, म्हणजे महिन्याला २३० किलोच्या आसपास. फॉर्मात ८० आहेत. आकडा सांगितल्यावर आत्या म्हणाली, "मग त्या पोराला काय माझ्या बंबाचं पाणी सांगू?"

तुमच्याकडे बंब अजून पेटतो का? कोणी वजन करून बघितलं तर गाव, महिना, माणसं आणि किलो एवढं कमेंटमध्ये टाका. शेण्या असतील तर त्या वेगळ्या लिहा, लाकडात मिसळू नका.